खेळातला अग्निबाण : शाळेचा धडा, घराचा छंद
(प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, रात्र पडता पडता विदर्भाच्या आकाशातून जळत्या रेघा सरकताना असंख्य लोकांनी पाहिल्या. त्याच रात्री शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे, सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे आकाशातून येऊन पडले. चीनने सोडलेल्या एका अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. ज्या मुलांनी तोपर्यंत अग्निबाण केवळ चित्रात पाहिला होता, त्यांच्या शेजारच्या मुलखात तो प्रत्यक्ष उतरला. हे वर गेले कसे, वर टिकले कसे, आणि टिकले होते तर खाली का आले, हे तीन प्रश्न अशा वेळी प्रत्येक मुलाच्या मनात उभे राहतात. त्यांतील पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्राथमिक शाळेच्या अंगणात, अगदी अल्प खर्चात आणि पूर्ण सुरक्षितपणे देता येते, आणि मुलांच्या आईवडिलांस त्यात सहभागी करून घेता येते, हे दाखविणे हा ह्या व्याख्यानाचा हेतू आहे.

कुतूहलास वाट हवी

ह्या जिल्ह्यातील मुलांच्या हातांत कसब नाही असे कोणीही म्हणू शकणार नाही. बिघडलेला पंप उघडून पाहणारी, तारेची गाडी करणारी, सायकलच्या कड्याला गती देऊन तासन् तास पळणारी मुले प्रत्येक गावात आहेत. उणीव असते ती हाताला आणि बुद्धीला योग्य वेळी मिळणाऱ्या मार्गदर्शनाची. ऑगस्ट 2021 मध्ये याच जिल्ह्यातील एका तरुण कारागिराने, फारसे शिक्षण झालेले नसता, केवळ स्वतःच्या जिद्दीवर एक लहान हेलिकॉप्टर तयार केले. चाचणी घेत असता यंत्राचे पाते तुटले आणि त्या आघाताने त्याचा अंत झाला. ह्या घटनेकडे वेडे साहस म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. एवढी कल्पकता ज्याच्या ठायी होती, त्यास चाचणी कशी घ्यावी, यंत्रापासून किती दूर उभे राहावे, आणि पहिला प्रयोग लहान प्रमाणावर का करावा, हे शिकण्याची संधी मिळती तर तो आज कदाचित दुसऱ्यांस शिकवीत असता. प्रयोगाची शिस्त ही मोठेपणी एकाएकी येणारी गोष्ट नव्हे. ती सातव्या-आठव्या वर्षी, खेळता खेळता अंगवळणी पडावी लागते.

अग्निबाणाचा खेळ ह्या दृष्टीने अत्यंत उपयुक्त आहे. त्यात कुतूहल आहे, हातकाम आहे, मोजमाप आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पायरी चुकविली तर फळ मिळत नाही ही शिकवण आहे.

तत्त्व एकच

अग्निबाण जमिनीला किंवा हवेला रेटा देऊन वर जातो, अशी पुष्कळांची समजूत असते. ही चूक केवळ अडाणी माणसाची नव्हे. अमेरिकेतील रॉबर्ट गोडार्ड ह्या शास्त्रज्ञाने अग्निबाण चंद्रापर्यंत पोहोचू शकेल असे मत मांडले, तेव्हा 1920 साली न्यूयॉर्क टाइम्स ह्या प्रख्यात वृत्तपत्राने, निर्वात जागेत रेटा द्यायला काहीच नसते हे ह्या गृहस्थांस ठाऊक नाही, अशा अर्थाची टीका केली. गोडार्ड यांनी 16 मार्च 1926 रोजी द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडविला. तो सुमारे अडीच सेकंद हवेत राहिला आणि जेमतेम साडेबारा मीटर उंच गेला. पुढे 1969 च्या जुलैत माणसे चंद्राकडे निघाल्यावर त्या वृत्तपत्राने आपली चूक छापून मान्य केली.

खरे तत्त्व न्यूटनच्या तिसऱ्या नियमात आहे. एखादी वस्तू आपल्यातील पदार्थ एका दिशेस जोराने फेकते, तेव्हा ती स्वतः उलट दिशेस ढकलली जाते. शेतकऱ्याच्या मुलास हे नव्याने सांगावयास नको. विहिरीवरील मोटार सुरू होताच रबरी पाइपाचे मोकळे तोंड मागे उसळते, हे त्याने पाहिलेले असते. कदाचित तो पाइप धरून ठेवण्याचे काम त्याच्याकडेच असते. पाणी पुढे जाते, पाइप मागे येतो. पाइपाच्या जागी बाटली असेल आणि पाणी खाली जात असेल, तर बाटली वर जाईल. शिक्षकाने धड्याची सुरुवात पुस्तकातील व्याख्येपासून न करता ह्या पाइपापासून करावी. कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोली घरी बोलणाऱ्या मुलांस हा अनुभव प्रथम त्यांच्याच शब्दांत सांगू द्यावा. नियमाचे मराठी शब्द त्यानंतर द्यावेत.

दारूला हात नाही

येथे एक नियम ठामपणे सांगितला पाहिजे. फटाक्यांतील दारू काढणे, आगकाड्यांची गुले खरडून नळीत भरणे, खते किंवा रसायने मिसळून इंधन करणे, ह्यांपैकी काहीही शाळेत किंवा घरी होता कामा नये. 1957 च्या ऑक्टोबरात रशियाने पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर अमेरिकेतील अनेक मुलांनी घरच्या घरी असे अग्निबाण करण्याचा प्रयत्न केला, आणि त्यात कित्येकांस गंभीर इजा झाल्या. त्यावर जो उपाय निघाला तो ध्यानात घेण्याजोगा आहे. नेब्रास्का ह्या शेतीप्रधान राज्यातील नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाचे एक जोड्यांचे दुकानदार होते. त्यांचे बंधू रॉबर्ट हे उड्डाणविद्येवर व्याख्याने देत, आणि त्या व्याख्यानांत दाखविण्यासाठी ऑर्व्हिल यांनी 1954 च्या सुमारास एक छोटा, पुन्हा पुन्हा उडविता येणारा अग्निबाण बनविला. त्यावरूनच पुढे अग्निबाणाच्या प्रतिकृतींचा छंद उदयास आला. त्याचा पहिला दंडक असा होता की इंधन कारखान्यात तयार व्हावे आणि मुलाने दारूला कधीही हात लावू नये. वडील आणि मुलगा, आई आणि मुलगी मिळून कागदाचे व हलक्या लाकडाचे अंग बनवीत. जळणारा भाग तेवढा कारखान्यातून बंद नळीत येई.

भारतात 1884 च्या स्फोटके अधिनियमानुसार परवान्याशिवाय स्फोटके तयार करणे हा गुन्हा आहे. यास्तव ग्रामीण शाळेने दारूच्या अग्निबाणाचा विचारच करू नये. त्याने काही बिघडत नाही, कारण हवा आणि पाणी यांच्या बळावर उडणारा बाण तेच तत्त्व, तेच मोजमाप आणि तोच आनंद देतो.

पहिली पायरी : फुगा

पहिली-दुसरीच्या मुलांसाठी फुगा पुरेसा आहे. वर्गाच्या दोन भिंतींमध्ये, किंवा अंगणातील दोन झाडांमध्ये, एक लांब दोरा ताणून बांधावा. बांधण्यापूर्वी त्यात पेनाची रिकामी नळी ओवावी. फुगा फुगवून त्याचे तोंड चिमटीत धरावे, तो चिकटपट्टीने नळीस चिकटवावा आणि सोडावा. हवा मागे जाते, फुगा दोऱ्यावरून पुढे धावतो. कमी फुगविला तर किती अंतर जातो, अधिक फुगविला तर किती, हे मुलांनी पावलांनी मोजावे. दोरा बांधलेला नसेल तर तोच फुगा वेडावाकडा भरकटतो. दिशा देण्यासाठी काहीतरी व्यवस्था लागते, हा दुसरा धडा मुलांस येथेच मिळतो.

दुसरी पायरी : कागदाचा बाण

तिसरी-चौथीच्या मुलांनी कागदाची सुरळी करावी. ती पेन्सिलीभोवती गुंडाळून, कडा चिकटवून, एक टोक दुमडून बंद करावे. पेन्सिल काढून सुरळी शीतपेय पिण्याच्या नळीवर सैलसर बसवावी आणि नळीतून जोराने फुंकर मारावी. बाण कोणाच्याही तोंडाकडे रोखावयाचा नाही, हा नियम आधीच सांगावा. पहिला बाण हवेत कोलांट्या खात पडेल. मग त्याच्या मागच्या टोकास कागदाचे तीन पंख सारख्या अंतरावर चिकटवावेत आणि पुढच्या टोकास ओल्या मातीची लहानशी गोळी लावावी. आता बाण सरळ जाईल. शिकारीच्या तीरास मागे पिसे आणि पुढे जड पाते का असते, हे मुलांस वेगळे समजावून सांगण्याची गरज उरत नाही. वजन पुढे आणि पंख मागे असले म्हणजे वाऱ्याचा रेटा शेपटीवर पडतो आणि नाक पुढेच राहते.

बाण उडविण्यापूर्वीच तो सरळ जाईल की नाही हे तपासता येते. ज्या जागी बाण आडवा तोलून राहतो तेथे दोरा बांधावा आणि दोरा धरून बाण स्वतःभोवती गोल फिरवावा. नाक पुढे करून तो फिरला तर ठीक. आडवा किंवा उलटा फिरला तर पंख मोठे करावेत किंवा नाकाचे वजन वाढवावे. उडविण्यापूर्वी तपासणे, ही सवय येथे लागते.

तिसरी पायरी : पाण्याचा बाण

पाचवीपासून पुढच्या मुलांसाठी पाण्याचा बाण आहे, परंतु तो शिक्षक किंवा पालक स्वतः उपस्थित असल्याखेरीज उडवू नये. साहित्य असे : फेसाळत्या शीतपेयाची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली, तिच्या तोंडात घट्ट बसणारे रबरी बूच, फुटबॉलमध्ये हवा भरण्याची सुई, चार-पाच मीटर लांबीची रबरी नळी आणि सायकलचा पंप. साध्या पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली चालणार नाही, कारण ती दाबासाठी केलेली नसते. काचेची किंवा धातूची बाटली तर कधीच घेऊ नये. ओरखडे पडलेली, चेपलेली किंवा गरम केलेली बाटली टाकून द्यावी.

बाटलीच्या बुडाशी पुठ्ठ्याचे टोपडे बसवून त्यात थोडी माती भरावी. हे बाणाचे नाक. तोंडाच्या बाजूस जाड पुठ्ठ्याचे तीन पंख चिकटवावेत. बुचातून सुई आरपार घालावी आणि ती नळीने पंपास जोडावी. बाटलीत एक तृतीयांश पाणी भरून बूच बसवावे आणि बाटली उलटी धरून जमिनीत रोवलेल्या तीन कामट्यांच्या आधाराने सरळ उभी करावी. मुलांस किमान दहा मीटर दूर उभे करावे. पंप मारणाऱ्याने नळीच्या पूर्ण लांबीवर राहावे आणि बाटलीवर कधीही वाकू नये. मोठ्याने उलटे अंक मोजावेत. दाब पुरेसा झाला की बूच आपोआप सुटते, पाणी खाली फेकले जाते आणि बाटली वर झेपावते. बूच बहुधा दहा दाबांच्या आत सुटते. बारा दाब झाले तरी सुटले नाही तर पंप थांबवावा, कोणीही जवळ जाऊ नये, आणि नळी पंपाकडील टोकाशी सोडून हवा जाऊ द्यावी. बूच फार घट्ट बसले असा त्याचा अर्थ आहे. ते सैल करून पुन्हा प्रयत्न करावा.

जागा मोकळी हवी. शाळेचे मैदान, किंवा कापूस निघून पऱ्हाटी उपटल्यावर रिकामे झालेले शेत उत्तम. विजेच्या तारा, रस्ता आणि गुरे जवळ नसावीत. तारेवर अडकलेला बाण काढावयास कोणीही जाऊ नये. वारा पडलेला असेल अशी सकाळची वेळ निवडावी. 23 ऑगस्ट 2023 रोजी चांद्रयान-3 चंद्रावर उतरले, त्यामुळे तो दिवस आता राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी पावसाची उघडीप मिळाली तर शाळेत बाण उडवावा. न मिळाल्यास फुगा वर्गात आहेच, आणि पाण्याचा बाण दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावा.

मोजल्याशिवाय प्रयोग नाही

बाण उडाला आणि टाळ्या वाजल्या, एवढ्यावर थांबल्यास तो तमाशा होईल, शिक्षण होणार नाही. पाण्याचे प्रमाण बदलून उंची कशी बदलते हे मुलांस शोधू द्यावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. बाटली, बूच आणि पंख तेच ठेवावेत. पाणी मुळीच नसेल तर फेकावयास केवळ हलकी हवा असते, म्हणून बाण फारसा जात नाही. बाटली जवळजवळ पूर्ण भरली तर दाबून ठेवावयास हवाच उरत नाही, आणि जड बाटली जागच्या जागी रेंगाळते. योग्य प्रमाण ह्या दोहोंच्या मध्ये, साधारण एक तृतीयांशाच्या आसपास, सापडते. परंतु ते शिक्षकाने आधी सांगू नये. पाव, एक तृतीयांश, अर्धी आणि पाऊण अशा चार भरण्यांचे प्रत्येकी तीन प्रयत्न करून, तक्ता मांडून, मुलांनी ते स्वतः काढावे.

उंची मोजण्यासाठी गवंड्याच्या ओळंब्याची युक्ती वापरावी. कोनमापकाच्या मध्यबिंदूस दोरा बांधून त्यास खडा लटकवावा. बाणाच्या जागेपासून मोजून 20 मीटर दूर उभ्या राहिलेल्या मुलाने कोनमापकाच्या सरळ कडेवरून बाणाच्या सर्वोच्च बिंदूकडे पाहावे आणि दोरा ज्या अंशावर असेल तो 90 मधून वजा करावा. उत्तर 27 आले तर उंची सुमारे 10 मीटर, 45 आले तर 20 मीटर, 56 आले तर 30 मीटर. त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवावी. मोठ्या मुलांनी हे कोष्टक पाठ न करता कागदावर प्रमाणात त्रिकोण काढून तपासावे. मोजणारी दोन मुले समोरासमोरच्या दोन दिशांस उभी केल्यास वाऱ्याने बाण कलल्यामुळे होणारी चूक कमी होते.

घराचा वाटा

हा छंद शाळेच्या कुंपणात कोंडून ठेवू नये. पंप बहुधा कोणाच्या तरी घरचा असतो, बूच कापण्याचे कसब एखाद्या वडिलांस असते, पुठ्ठ्याचे पंख समान कापण्याची नजर शिवणकाम करणाऱ्या आईकडे असते. पालकसभेची सूचना आली की पुष्कळ पालक शेतीची कामे सांगून येत नाहीत. कारण सभेत त्यांना ऐकावयाचे असते, करावयाचे काही नसते. महिन्यातून एका रविवारी सकाळी बाण उडवावयाचा आहे आणि पंप मारण्यास माणूस हवा आहे, असे मुलाने घरी सांगितले तर चित्र पालटू शकते. ज्या पित्याने शाळेची पायरी अर्ध्यावर सोडली, त्यास मुलासमोर आपला अनुभव उपयोगी पडताना दिसतो, आणि मुलास आपले घर ज्ञानाला परके नाही हे कळते. ह्याचे मोल बाणाच्या उंचीहून अधिक आहे.

मुलींविषयी शिक्षकाने विशेष दक्षता घ्यावी. पाणी आणणे आणि जागा झाडणे त्यांच्याकडे, व पंप आणि कोनमापक मुलांकडे, अशी वाटणी नकळत होते. कामांची पाळी लावून ती टाळावी.

साधनांच्या अभावाची सबब पुढे करण्याचे कारण नाही. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याचे कार्य अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे केले, आणि पुण्याच्या आयुका ह्या संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत ते मुलांपुढे ठेवले. बाटली, कागद, दोरा आणि माती ह्यांपेक्षा अधिक मोलाचे काही ह्या खेळास लागत नाही.

लहान आरंभाचे मोल

भारताचा अंतराळ कार्यक्रमही अशाच साधेपणाने सुरू झाला. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातील थुंबा ह्या कोळ्यांच्या गावाहून पहिला अग्निबाण आकाशात गेला. तो अमेरिकेतून आणलेला होता. गावातील चर्चची इमारत कार्यालय म्हणून वापरात होती, आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात असल्याचे त्या काळचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. चार वर्षांनी, 20 नोव्हेंबर 1967 रोजी, भारतात तयार झालेला रोहिणी अग्निबाण तेथून उडाला. त्याचा व्यास 75 मिलिमीटर, म्हणजे शाळेतल्या त्या शीतपेयाच्या बाटलीएवढाच जवळपास होता. चांद्रयान-3 ज्या अग्निबाणाने नेले त्याची उंची 43 मीटरांहून अधिक होती. बाटलीएवढ्या बाणापासून तेथवर पोहोचण्यास अनेक पिढ्यांच्या माणसांनी एकामागून एक पायरी चढली.

त्या माणसांत महाराष्ट्राचे वसंत गोवारीकर होते. अग्निबाणाच्या घन इंधनावर त्यांनी काम केले, आणि 18 जुलै 1980 रोजी भारताने स्वतःच्या अग्निबाणाने स्वतःचा उपग्रह कक्षेत सोडला तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ते संचालक होते. पुढे त्यांनीच मोसमी पावसाच्या अंदाजाची पद्धत बसविली आणि 1988 पासून ती हवामान खात्याने वापरात आणली. अग्निबाणाचा अभ्यास आणि कापूस पेरणाऱ्या शेतकऱ्याची पावसाची चिंता ह्या दोन गोष्टी वाटतात तितक्या दूरच्या नाहीत, हे मुलांस सांगण्यास ह्याहून उत्तम उदाहरण नाही.

प्रत्येक मूल शास्त्रज्ञ होणार नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु ज्या मुलाने एकदा स्वतः बाण केला, तो न उडाल्याचे कारण शोधले, आणि दहा मीटर मागे सरून मगच पुन्हा प्रयत्न केला, ते मूल पुढे शेतात फवारणीचे औषध हाताळताना, विहिरीवरची मोटार जोडताना किंवा कारखान्यात यंत्र चालविताना आधी तपासून पाहील. जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने ह्या हिवाळ्यात निदान एक फुगा, एक कागदाचा बाण आणि शक्य असेल तेथे एक पाण्याचा बाण उडवावा, त्याचा तक्ता शाळेच्या भिंतीवर लावावा, आणि केंद्रातील पुढच्या सभेत तो सहकाऱ्यांपुढे ठेवावा. कोणाचा बाण किती उंच गेला हे त्यात पाहू नये. प्रत्येक शाळेने कोणती चूक शोधली आणि ती कशी दुरुस्त केली, हे पाहावे.